चार रविवारांची हजेरी

भजनी मंडळाची वही माझ्याकडे आली ती माझा गळा बरा नव्हता म्हणून. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग हाऊसमध्ये मी ताके लिहायचो. कापडाचा कोणता ताका कोणत्या यंत्रावर गेला, किती मीटरचा होता, रंग कोणता चढवला, हे दिवसभर उभ्याने लिहायचं. मंडळातले बाकीचे बहुतेक माग चालवणारे. पहिल्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून दोन ओळी म्हटल्या तेव्हा बुवा थांबले, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेहताजी, तुमी लिव्हा. गायला आम्ही आहोत." सुरतेत कारकुनाला मेहताजी म्हणतात. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेलो.

आमचं मंडळ गोडादऱ्यात, एका मोकळ्या जागेवर टाकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. खानदेशातली माणसं होती सगळी, पारोळा-अंमळनेरकडची, घरात अहिराणी बोलणारी. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालायचे, त्यामुळे आठवडाभर अर्धं मंडळ जागं असायचं तेव्हा अर्धं झोपलेलं. सगळे एकत्र भेटायचे ते पाळी बदलायच्या दिवशी, रविवारी सकाळी. रातपाळीवाले कारखान्यातून सरळ यायचे, केसांत, भुवयांत कापसासारखा धागा अडकलेला. दिवसपाळीवाले अंघोळ करून, गंध लावून यायचे. बुवा पुढे बसून ओळ म्हणायचे आणि मागचे वीस-पंचवीस गडी तीच ओळ उचलून धरायचे. याला आम्ही झील धरणं म्हणतो. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली माणसं ती. त्यांनी झील धरली की पत्रा थरथरायचा.

मी वहीत तारीख घालायचो, हजर-गैरहजर लिहायचो, कोणते अभंग झाले ते लिहायचो. मग शेवटी एक शेरा. 'पखवाजाची शाई उडाली.' 'नवीन चाल, दोनदा मोडली.' 'बुवांना खोकला, तरी सोडलं नाही.' हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मला स्वस्थ बसता यायचं नाही. हात कशात तरी गुंतलेला लागायचा. गाणं चालू असताना मी दोन-दोनदा माणसं मोजायचो, आणि घरी गेल्यावर अमका खरंच आला होता का म्हणून जिवाला घोर लावून घ्यायचो. वर्धापनदिनाला, माघ महिन्यात, बायकामुलांसमोर वर्षभराची वही मी वाचून दाखवायची अशी प्रथा पडली. माणसं आपलं नाव ऐकायला सरसावून बसायची.

त्या वर्षी पावसाळ्यात पाणी वस्त्यांत शिरून गेलं होतं. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात शहरात प्लेग आल्याची बातमी फुटली. सकाळी कामावर गेलो तर सुपरवायझर तोंडाला रुमाल बांधून फाटकात उभा. "आज घर जाओ, कल देखेंगे," म्हणाला. परत येताना बघतो तर औषधाच्या दुकानांपुढे झुंबड, कॅप्सूल संपलेल्या, आणि रस्त्याने माणसं ट्रंका, पिशव्या, पोरं घेऊन एकाच दिशेला चाललेली. कोणी म्हणे अमक्या गल्लीत चार गेले, कोणी म्हणे दहा. खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या चाळीतल्या सात खोल्यांपैकी पाच दुपारपर्यंत कुलूपबंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. सामानात कपड्यांच्या तळाशी मी मंडळाची वही घातली. उधना स्टेशनकडे पायी जायचं तर वाट बुवांच्या गल्लीवरून जाते. बुवांची बायको, आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो, महिन्यापूर्वी नळावर घसरून पडली होती. मांडीपर्यंत प्लॅस्टर होतं. तिला हलवता येणार नव्हतं आणि बुवा तिला सोडून जाणार नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं.

गल्लीच्या तोंडाशी बायको म्हणाली, "अहो, बुवांना सांगून येऊ या का? काही हवं-नको विचारू."

"गाडी चुकेल," मी म्हणालो.

त्या दिवशी गाडीला वेळापत्रक नव्हतं. जी येईल तिच्यात घुसायचं होतं. बुवांचं दार उघडं दिसत होतं. मी पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली, म्हणजे दाराच्या बाजूने माझं तोंड दिसणार नाही, आणि पाय उचलला. बायको मागून आली.

गाडीत आम्ही तिघं संडासाच्या दाराशी उभे होतो. अंमळनेरला उतरलो, तिथून एस.टी.ने गावच्या फाट्यावर. माझे काका शिवेवरच भेटले. दहा हात लांब उभे राहिले.

"सुरतथाईन उना का?" त्यांनी विचारलं.

"हो काका, सुरतेहूनच आलो."

"मग घरमा येऊ नको भाऊ. मळामा ऱ्हाय आठ दिन. भाकरी धाडस मी."

ज्या काकांनी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, ते लांब उभे राहून माझ्याशी बोलत होते. मला राग आला. मग लगेच मनात आलं, मी काय वेगळं केलं?

मळ्यातल्या खोपटात आम्ही राहिलो; भाकरी काका बांधावर धाडायचे. आठ दिवसांनी घरात घेतलं, पण सुरतेला परतायची कोणाची छाती होईना. मला तिथे काही काम नव्हतं. सकाळी उठून बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो, परत यायचो, परत जायचो. बायको म्हणायची, "जरा बसा की." बसलो की बुवांचं उघडं दार डोळ्यांपुढे यायचं. रविवार आला की सकाळी वही काढायचो, तारीख घालायचो, आणि पुढे काय लिहायचं ते न कळून मिटायचो. असे चार रविवार गेले. वहीत चार तारखा आणि चार कोऱ्या जागा.

पाचव्या आठवड्यात परतलो. गटारांच्या कडेने पांढरी पावडर टाकलेली होती, रस्ते इतके झाडलेले की शहर ओळखू येईना. माग पुन्हा सुरू झाले होते. आल्या रविवारी शेडमध्ये गेलो तर बारा-तेरा जण जमलेले. कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हतं. कोण कधी गेला आणि कधी आला, हे कोणी विचारत नव्हतं. बुवा आपल्या जागेवर बसून टाळ पुसत होते. उतरले होते, पण ठणठणीत होते. त्यांनी मला हात करून जवळ बोलावलं.

"मेहताजी, वही आणली?"

"आणली."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेले चार कागद काढले. भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं होती. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं. बुवा चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मोठं आणि वाकडं.

"हे उतरवून घ्या," म्हणाले. "माझ्यानं तुमच्यासारखं लिव्हणं होत नाही."

मी तिथेच वाचलं. पहिल्या कागदावर होतं : 'रविवार. हजर मी. झील हिने धरली, खाटेवरून. दोन अभंग. पखवाज नाही.' दुसऱ्यावर : 'हजर मी आणि ही. शेजारचा ओडिया भाई आला, त्याला टाळ दिले. त्याला शब्द येत नाही, शेवटला शब्द धरतो. तीन अभंग, गौळण एक.' तिसऱ्यावर तेच तिघं. चौथ्यावर : 'भैरवी झाली नाही. हिला रडू आलं.'

पुरुषांचं मंडळ आमचं. बायका वर्धापनदिनाला बाजूला बसून ऐकायच्या, प्रसाद करायच्या. वहीत एकाही बाईचं नाव कधी आलं नव्हतं. ओडिया माणसाचं नाव येण्याचा तर प्रश्नच नव्हता. मी कागद वहीत ठेवले आणि "उतरवतो" म्हणालो.

मंडळाचे एक चिटणीस होते. एका कारखान्यात मुकादम, धडपड्या माणूस, शेडचा पत्रा त्यांनीच ओळखीतून मिळवलेला. ते चार दिवसांनी माझ्या खोलीवर आले. त्या हिवाळ्यात शहरात रस्ते रुंद होत होते आणि आमची शेड रस्त्याच्या आखणीत येणार अशी कुजबुज होती. चिटणीसांना पालिकेत अर्ज द्यायचा होता, सोबत मंडळाचा इतिहास छापून.

"इतिहास तुम्हीच लिहायचा," ते म्हणाले. "दोन पानं. आणि एक ओळ ठळक पाहिजे. स्थापनेपासून एकही रविवार चुकला नाही. प्लेगातसुद्धा."

"प्लेगात बुवांनी केलं ना. कागद आहेत माझ्याकडे."

त्यांनी कागद बघितले आणि परत दिले. "हे काय दाखवायचं? नवरा-बायको आणि शेजारी. याला कोण मंडळ म्हणेल? अहो, सात-आठ नावं टाका त्या रविवारांना. आपलीच माणसं आहेत, उद्या कोण विचारायला येतंय? शेड गेली तर बसणार कुठे?"

मी म्हणालो, "खोटं होईल."

"कोणाचं नुकसान होतंय त्यात?" त्यांनी विचारलं. आवाजात लबाडी नव्हती. खरोखरच विचारत होते.

आणि मी लिहिलं. हे सांगताना आजही मला लाज वाटते, कारण मी ते मन लावून लिहिलं. चारही रविवारांना वेगवेगळी नावं घातली. एका रविवारी निळं पेन वापरलं, दुसऱ्या रविवारी काळं, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटू नये. शेरे घातले. 'पखवाज उत्तम.' स्वतःला तीन रविवार हजर दाखवलं आणि एक रविवार गैरहजर, खरं वाटावं म्हणून. काकूचं आणि ओडिया भाईचं नाव कुठेच घातलं नाही. बायको मागून बघत होती. म्हणाली, "तुम्ही तर मळ्यात फेऱ्या मारत होता." मी वही मिटली.

त्यानंतर मला जेवण गोड लागेना. कामावर ताक्यांचे आकडे चुकायला लागले. कॅलेंडरचे ते चार कागद घरात नकोसे झाले. एका दुपारी सुटी बघून मी ते बुवांकडे परत द्यायला गेलो. बुवा कारखान्यात होते. काकू दारात काठी टेकून उभी होती, प्लॅस्टर निघालेलं, पण पाय अजून धरत नव्हता.

"या भाऊ. चहा ठेवते."

"नको काकू, बसा तुम्ही. हे कागद द्यायला आलो."

तिने कागद घेतले नाहीत. माझ्या मुलीची चौकशी केली, गावाकडे पाऊस कसा होता ते विचारलं. मग चुलीकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं होतं. खाट दाराच्या समोरच होती ना. तुमच्या बाईंनी वळून पाहिलं. तुम्ही पिशवी या खांद्याची त्या खांद्यावर घेतली."

मी हातातल्या कागदांची घडी पुन्हा घातली.

"बुवांना माहीत आहे?"

"नाही सांगितलं. ते म्हणत होते, मेहताजी येऊन गेल्याशिवाय गावाला जायचा नाही. दोन दिवस वाट बघितली त्यांनी. मग म्हणाले, गेला असेल पहिल्याच दिवशी, त्याला जमलं नसेल. मी म्हटलं, हो, तसंच असेल."

चहा झाला. तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "प्या. मी मनात ठेवलेलं नाही. लहान पोरगी होती तुमच्यासोबत. पण तेवढं बघितलं होतं म्हणून सांगितलं."

मी तो चहा कसा प्यालो ते मला आठवत नाही. कागद माझ्याच हातात राहिले.

माघात वर्धापनदिन झाला. शेड भरली होती. बायका एका बाजूला, पोरं पुढे, चिटणीसांनी छापून आणलेल्या इतिहासाचा गठ्ठा पेटीजवळ. काकू भिंतीला टेकून बसली होती. ओडिया भाईही मागे उभा होता, बुवांनी त्याला बोलावलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला मी वही उघडून वाचायला उभा राहिलो. चैत्र, वैशाख, आषाढ, सगळं नेहमीसारखं गेलं. माणसं आपलं नाव आलं की मान डोलवत होती. मग ते पान आलं.

मी पान बघितलं आणि वही मिटली. खिशातून कॅलेंडरचे कागद काढले आणि ते वाचले, जसे लिहिले होते तसे. 'हजर मी. झील हिने धरली, खाटेवरून.' चारही वाचले. मग म्हणालो, "बाकी सगळे गैरहजर. मी पण गैरहजर. वहीत मी वेगळं लिहिलं आहे. ते खोटं आहे. आणि निघालो त्या दिवशी मी बुवांच्या दारावरून गेलो, आत गेलो नाही. तोंड लपवून गेलो."

मला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

पहिला उठला तो पखवाज वाजवणारा. धिप्पाड माणूस, पांडेसऱ्याला रंगखात्यात होता, माझ्याच बाजूच्या कारखान्यात. "मी गेलो होतो," तो म्हणाला. "माझी तीन लेकरं आहेत. गेलो होतो आणि परत असं झालं तर परत जाईन. पण माझं जाणं असं सगळ्यांपुढे वाचायचं काय कारण? माझी बायको बसलीय इथे. आम्हाला पळपुटे ठरवायला बोलावलं का?"

"मी स्वतःबद्दल बोललो," मी म्हणालो.

"बाकी सगळे गैरहजर, असं वाचलंत ना? मग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने पखवाजाला गवसणी घातली आणि निघाला. त्याच्यामागून पांडेसऱ्याचे आठ-नऊ जण उठले. चिटणीस माझ्याकडे बघून फक्त "वा मेहताजी" एवढंच म्हणाले. बायका प्रसादाचं पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

बुवा उठले नाहीत. त्यांनी उरलेल्यांकडे बघितलं आणि अभंग सुरू केला. पखवाजाशिवायच. झील कमी पडली. दुसऱ्या कडव्याला मागून ओडिया भाईचा शेवटचा शब्द आला, आणि भिंतीकडून काकूचा आवाज. बारीक, पण सुरात. कोणी अडवलं नाही. दोघी-तिघी बायकांनी चमकून बघितलं आणि त्यांतल्या एकीने ओठ हलवले.

सगळं आटोपल्यावर मी बुवांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला वाकू दिलं नाही. खूश होतील असं मला कुठेतरी वाटत होतं. ते चिडलेले होते.

"कागदावर काय लिव्हलं त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "हिला त्या आठवड्यात ताप आला होता. मला वाटलं, तोच रोग. एक माणूस पाहिजे होता बाजूला, नुसता बसायला. तुमी नुसतं आत डोकावलं असतं तर बस होतं. आता माझे दहा गडी गेले. ते कसे आणायचे, ते सांगा."



पुढच्या रविवारी चिटणीसांनी वही मागून घेतली आणि आपल्या पुतण्याकडे दिली. मी खोटं पान फाडू द्या म्हणालो, तर बुवांनीच नको म्हटलं. त्यावर आडवी रेघ मारून खाली सही करायला लावली. कॅलेंडरचे कागद त्याच पानाला टाचणीने लावले. छापलेला इतिहास घेऊन चिटणीस पालिकेत गेले तेव्हा मलाही सोबत घेऊन गेले, अर्ज वाचून दाखवायला. खिडकीतल्या माणसाने इतिहास उघडलाच नाही. शेडच्या नावावर लाइट बिल आहे का, एवढंच विचारलं. नव्हतं. उन्हाळ्यात शेड निघाली आणि मंडळ जवळच्या एका देवळाच्या ओट्यावर बसायला लागलं. तिथे काकू दर रविवारी यायची आणि खांबाशी बसून झील धरायची. पुतण्या तिचं नाव लिहायचा की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पखवाजवाल्याने पांडेसऱ्यात वेगळं मंडळ काढलं. त्यांची बैठक रविवारी संध्याकाळी असायची. महिनाभर मी तिकडे जायचं टाळलं. मग एकदा कामावरून निघताना फाटकात तो भेटला आणि माझी सायकल धरून म्हणाला, "यायचं असेल तर या. पण लिहायचं नाही."

"नाही लिहीत," मी म्हणालो.

तेव्हापासून माझ्या रविवारचे दोन तुकडे झाले. सकाळी गोडादऱ्याच्या ओट्यावर, संध्याकाळी सायकल मारत पांडेसऱ्याला. इकडच्यांना पखवाज नव्हता, तिकडच्यांना बुवा नव्हते. इकडे बसलो की तिकडची झील कानात यायची, तिकडे बसलो की वाटायचं, उगाच आलो, काकूला परत पायऱ्या उतरायला कोणी हात दिला असेल की नाही. दोन्हीकडे मी मागच्या रांगेत बसायचो. दोन्हीकडे माणसं थोडी सरकून जागा करून द्यायची, पण माझ्याशी बोलताना शब्द मोजून बोलायची. बुवांना मी एकदा म्हटलं, त्यांना बोलावू का? ते म्हणाले, "तुमी नका बोलावू. तुमी बोलावलं तर येतील ते पण नाही येणार."

तरी मी सायकल मारत राहिलो.